अंगाचं माप आणि मापाचा शर्ट

पेठेतल्या टेलरकाकांकडे जाताना बाबा एक जुना शर्ट घडी करून पिशवीत घालायचे. मापाचा शर्ट. काका तो कटिंगच्या टेबलावर पसरायचे, टेप फिरवायचे, वहीत आकडे लिहायचे आणि तरीही म्हणायचे, "सर, जरा उभे राहा, अंगावरनंही घेतो." लहानपणी मला प्रश्न पडायचा, शर्टाचं माप मिळालंय तर परत अंगाचं कशाला?

काकांनी वयामुळे दुकान बंद केलं आणि बाबांचे शर्ट मी ऑनलाइन शिवून मागवायला लागले, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मला पदरचे पैसे घालून मिळालं. वेबसाइटवर छाती, पोट, शोल्डर, बाही असे रकाने होते. मी बाबांचा सगळ्यात आवडता शर्ट पलंगावर पसरला, बटणं लावली आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजलं. साडेएकवीस इंच. दुप्पट ४३. छातीच्या रकान्यात ४३ लिहिलं, खाली 'रेग्युलर फिट' निवडलं. तीन आठवड्यांनी शर्ट आला, त्याची छाती ४८ भरली. बाबा काही बोलले नाहीत. बाह्या दुमडून त्यांनी तो दिवसभर घातला, आणि ते पाहून मला जास्तच वाईट वाटलं. कंपनीचं उत्तर आलं, "तुम्ही दिलेल्या मापानेच शिवला आहे." ते खोटं बोलत नव्हते. फॉर्म अंगाचं माप मागत होता, आणि बाबांची छाती ३८ आहे.

अंगाचं माप म्हणजे टेप शरीराला लावून घेतलेला आकडा. कपड्याचं माप, ज्याला तयार माप म्हणतात, ते शिवून झालेल्या शर्टाचं. या दोहोंमध्ये जी जागा असते तिला टेलर लूज म्हणतात. श्वास घ्यायला, हात पुढे करून स्कूटर चालवायला, खाली वाकायला ती लागतेच. साध्या सुती शर्टाला छातीत ती साधारण चार ते सहा इंच असते, स्लिम फिटला तीन-चार. बाबांच्या जुन्या शर्टात काकांनी पाच इंच लूज ठेवलं होतं. मी ते पाच इंच धरून ४३ कळवले, कंपनीने ४३ हीच छाती समजून त्यावर आणखी पाच घातले. लूज दोनदा मोजलं गेलं. याची उलट चूक जास्त महागात पडते. फॉर्म तयार माप मागत असेल आणि तुम्ही अंगावरचे ३८ लिहिलेत, तर शर्टाची बटणं लागतील, पण श्वास घेता येणार नाही. सैल शर्ट कोपऱ्यावरचा कुणीही टेलर आत घेऊन देतो. तंग शर्टाला इलाज नाही, कारण शर्टाच्या बाजूच्या शिवणीत उसवून सोडण्याइतकी माया, म्हणजे आत राखलेलं जास्तीचं कापड, नसतेच.

फॉर्म नक्की कुठलं माप मागतोय हे ओळखायचं कसं? आधी चित्र बघा. टेप लावलेला माणूस दिसत असेल तर अंगाचं, टेबलावर पसरलेला शर्ट दिसत असेल तर कपड्याचं. त्याहून पक्की खूण म्हणजे फिटचा प्रश्न. मापं भरल्यावर 'स्लिम, रेग्युलर की कम्फर्ट' असं विचारत असतील, तर लूज ते ठरवणार आहेत, म्हणजे त्यांना अंगाचं माप हवंय. तरीही शंका राहिली तर ऑर्डर देण्याआधी एक ओळ लिहून विचारा, "माझ्या शर्टाची तयार छाती किती भरेल?" या प्रश्नाला ज्यांना आकड्यात उत्तर देता येत नाही, त्यांच्याकडे मी आता शिवायला टाकत नाही.

सगळीकडे दोन मापांत इतकं अंतर नसतं, आणि हे माहीत असलं की निम्मी धास्ती जाते. शोल्डरला लूज जवळजवळ नसतं. एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत पाठीवरून जे भरतं, तेच थोड्याफार फरकाने शर्टाच्या दोन शिवणींमध्ये भरायला हवं. कॉलरला अर्धा इंच पुरतो. मनगटाला मात्र दोन इंच लागतात, आणि ज्या हातात घड्याळ घालता त्या कफला पाव इंच आणखी. दंडाला तर तीन इंच सहज. लोक छाती आणि पोट नीट मोजतात, पण दंड विसरतात आणि मग कोपर वाकवताना बाही ओढली जाते.

बाहीच्या बाबतीत गोंधळ अजून वेगळा आहे. आपल्याकडे बाही खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत मोजतात, उंच माणसाची २५ वगैरे भरते. अमेरिकेत ती मानेच्या मागच्या मध्यापासून, खांद्यावरून मनगटापर्यंत मोजायची पद्धत आहे, म्हणून तिकडच्या शर्टावर ३४ लिहिलेलं असतं. परदेशी राहणाऱ्या भावा-भाच्यांसाठी इथून शिवून पाठवताना हा एक आकडा फोनवर परत परत विचारून घ्यावा. शर्टाच्या लांबीचंही तसंच. पाठीवर कॉलरच्या खालून मोजलेली आणि पुढे खांद्यावर कॉलरच्या जोडापासून मोजलेली लांबी यांत इंचभर फरक पडतो. शर्ट खोचणार की बाहेर सोडणार, हे तर कुठलंच माप सांगत नाही. ते आपणच लिहायचं.

पँटचं गणित शर्टापेक्षा नाजूक आहे, कारण तिथे लूज कमी आणि चुकीला जागा त्याहून कमी. पहिला घोळ कमरेचा. बेंबीजवळ टेप लावला तर बाबांची कंबर ३८ भरते, पण ते पँट पोटाच्या खाली घालतात आणि तिथे ३६ भरतात. तिसरा आकडा रेडीमेड पँटच्या लेबलवरचा, ३४. लेबलवरच्या आकड्यावर भरवसा ठेवूच नका. बऱ्याच कंपन्या ३४ लिहून पँट इंच-दोन इंच मोठी शिवतात. टेप घेऊन पँटची कमरेची पट्टी मोजा, आणि तुम्ही पँट जिथे घालता तिथेच अंगावर मोजा. सीटला, म्हणजे नितंबांच्या घेराला, दोन ते चार इंच लूज लागतं, मांडीला तीनेक इंच. बॉटम, म्हणजे पायाचा खालचा घेर, मोजताना पँट सपाट पसरल्यावर साडेसात भरले तर बॉटम १५ झाला. हा दुपटीचा भाग फॉर्ममध्ये आहे का, तेही बघावं लागतं. काही ठिकाणी अर्धं मागतात, काही ठिकाणी पूर्ण.

पण पँट बिघडते ती राइजमध्ये. दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात त्या चौकापासून पुढच्या पट्टीच्या वरच्या काठापर्यंतचं अंतर म्हणजे पुढचा राइज. मागच्या पट्टीपर्यंतचं अंतर म्हणजे मागचा राइज. मागचा कमी पडला की बसताना पँट मागून खाली ओढली जाते, आणि कंबर कितीही अचूक असली तरी दिवसभर बेल्ट वर ओढावा लागतो. अंगावर राइजची खोली मोजायची जुनी, सोपी रीत आहे. लाकडी खुर्चीवर ताठ बसवायचं आणि जिथे पट्टी येते तिथपासून खुर्चीच्या पाटापर्यंत बाजूने टेप सोडायचा. त्यात अर्धा-पाऊण इंच मिळवायचा. मी बाबांना बसवलं तेव्हा त्यांनी लगेच पोट आत घेतलं. "बाबा, श्वास सोडा. नेहमी बसता तसे बसा." "अगं, माप देताना ताठ नको का बसायला?" पुरुषमाणसं टेप दिसला की पोट आत घेतात. अंगाच्या मापातली ही खरी कमजोरी आहे, आणि मापाच्या पँटला ती नाही.

मग मापाचा कपडाच पाठवावा, असं वाटेल. माझंही आधी तेच मत होतं. ते बदललं कापडामुळे.

बाबांची एक चिनो पँट त्यांना फार छान बसते. तिच्या कापडात थोडं स्ट्रेच आहे, दोन टक्के इलॅस्टेन. तिची मापं जशीच्या तशी देऊन लिननची पँट शिवली असती, तर उभं राहिल्यावर सुरेख दिसली असती आणि बसल्यावर मांडीला आवळली असती. लिनन ताणलं जात नाही. म्हणून कपड्याचं माप पाठवताना तो कपडा कुठल्या कापडाचा आहे आणि नवा कुठल्या कापडाचा होणार, हे दोन्ही बघायचं. न ताणणाऱ्या कापडात मी मांडीला आणि सीटला अर्धा-एक इंच वाढवते.

दुसरी गोष्ट आटण्याची. जुना शर्ट शंभर वेळा धुतलेला असतो, त्याला जितकं आटायचं तितकं तो आटून झालाय. नवं सुती कापड आधी आटवून घेतलेलं नसेल तर पहिल्या एक-दोन धुण्यांत तीन ते पाच टक्के आटू शकतं, आणि बहुधा उभ्या धाग्यांच्या दिशेने जास्त. २५ इंची बाही तीन टक्क्यांनी पाऊण इंच आखूड होते. अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लूएट यांनी १९३० साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत कापड ओलसर करून, दाबून आधीच आटवून घेतात. सॅन्फोराइज्ड हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. असं कापड पुढे टक्काभरच आटतं. टेलरकाका सुती कापड आधी भिजवून आणायला सांगायचे, त्याचंही कारण हेच. ऑनलाइन मागवताना हा प्रश्न आपणच विचारायचा, की कळवलेलं माप धुण्याआधीचं धरणार की धुतल्यानंतरचं?

कापड निवडताना फोटोपेक्षा आकडे बघावेत. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. शर्टाचं पॉपलिन शंभर ते १३० च्या आसपास, ऑक्सफर्ड त्याहून जाड, पँटचं कापड २२० च्या पुढे. काउंट हा धाग्याचा बारीकपणा. चाळीसचा धागा जाड, शंभरचा बारीक. बारीक धागा म्हणजे चांगलं कापड असं समजू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रोज घालून रोज धुवायच्या शर्टाला चाळीस ते साठ काउंटचं साधं पॉपलिन मला जास्त पटतं. ते अंगाला चिकटत नाही आणि टिकतं. तिरकस विणीचं ट्विल मऊ, सुरकुत्या कमी, पण थोडं उबदार. बाबांचा पँटसाठी अजून टेरिकॉटवर जीव आहे, पावसाळ्यात ते लवकर वाळतं म्हणून. त्यांचं म्हणणं मला आता पटायला लागलंय. आणि पँट शिवायला टाकताना सूचनांच्या रकान्यात एक वाक्य न विसरता लिहा, मागच्या शिवणीत निदान इंचभर माया ठेवा. वजन बदललं तर तीच पँट पुढे वापरता येते.

दुसऱ्या खेपेला मी बाबांना आरशासमोर उभं केलं आणि पाठीमागून फोटो काढला. उजवा खांदा अर्धा इंच खाली आलाय. सत्तरीनंतर मान थोडी पुढे झुकलीय, त्यामुळे पाठ लांब भरते आणि पुढची बाजू आखूड. दहा वर्षांपूर्वी शिवलेल्या मापाच्या शर्टात यातलं काहीच दिसत नाही, पलंगावर तो दोन्ही बाजूंनी सारखाच पसरतो. त्यांना शर्ट कसा घालायला आवडतो हे तो शर्ट सांगत होता. मधल्या दहा वर्षांत त्यांचं अंग किती बदललं, ते अंगावरच कळणार होतं. काका दोन्ही का घ्यायचे, ते मला त्या फोटोपुढे उभं राहून समजलं.

आता बाबांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. दोन रकाने, 'अंग' आणि 'शर्ट'. छाती ३८, ४३. मनगट ७, ९. दंड १२, १५. खाली बारीक अक्षरात तारीख आणि 'उजवा खांदा अर्धा इंच उतरता'. नवा शर्ट आला की घडी मोडल्यावर एकदा मोजायचा, पहिल्यांदा धुतल्यावर परत एकदा, आणि आकडे तिथेच लिहायचे. गेल्या महिन्यात आलेल्या निळ्या पॉपलिनच्या शर्टाची बाही धुण्याआधी पंचवीस होती, धुतल्यावर पावणेपंचवीस. तो आकडा बाबांनी स्वतः टेप लावून लिहिलाय.