परदेशी स्थलांतराची मोजदाद (कोकण किनारा)

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून परदेशी गेलेल्यांची संख्या ठरविण्याच्या आणि ती देशोदेशी कळविण्याच्या पद्धती. ही संख्या निरनिराळ्या हेतूंनी ठेवलेल्या नोंदींतून काढावी लागते.

जुन्या नोंदींपैकी सर्वांत तपशीलवार नोंदी मॉरिशसच्या आहेत. तेथे १८३४ पासून करारबद्ध मजूर जाऊ लागले. मध्यंतरी बंदी आली आणि १८४२ मध्ये कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून ही वाहतूक पुन्हा सुरू झाली. पोर्ट लुईला उतरणाऱ्या प्रत्येक मजुराला क्रमांक देऊन त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण आणि गाव वहीत लिहीत. सामान्यतः १८६० नंतरच्या दशकांत त्याला छायाचित्राची जोड मिळाली. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. मुंबईहून निघालेल्यांत कोकणचे किती, याविषयी मतभेद आहेत. प्रस्थानाचे बंदर हे मूळ ठिकाण धरल्यास देशावरचे मजूरही कोकणच्या खात्यावर पडतात. गावाच्या रकान्यावर विसंबावे, तर कारकुनांनी गावांची नावे कानाला लागली तशी रोमन लिपीत उतरवलेली आहेत. तरीही गावाचा रकाना हाच अधिक विश्वसनीय पुरावा मानणे योग्य ठरेल. केप टाउनला गेलेल्या कोकणी मुसलमानांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची असावी. त्यांच्यापैकी अनेकांचे मूळ खेड परिसरात आहे.

सध्याची नोंद उत्प्रवासन अधिनियम, १९८३ नुसार होते. दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षक या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. अलीकडे ती ई-मायग्रेट या संगणकीय प्रणालीतून मिळते. दहावी झालेल्याला ही अट नाही. त्यामुळे दापोली वा श्रीवर्धनचा पदविकाधारक तंत्रज्ञ दुबईला गेला, तरी तो या आकड्यांत दिसत नाही. शिवाय हा आकडा मंजुरींचा असतो: त्यातून परत आलेले वजा होत नाहीत आणि दुसऱ्या करारावर पुन्हा गेलेला दोनदा मोजला जातो. विमानतळावर भारतीयांकडून भरून घेतले जाणारे प्रस्थानपत्रही १ जुलै २०१७ पासून बंद झाले.

जनगणना जन्मस्थान व पूर्वीचे राहण्याचे ठिकाण विचारते, पण गणनेच्या वेळी देशात असलेल्यांनाच. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी हा सर्व काळ बाहेर असलेल्यांची नावे उतरवून घेतली गेली नाहीत. घरात म्हातारी एकटी असेल, तर कुटुंब एका माणसाचे लिहिले जाते आणि कुवेतचे दोन मुलगे कागदावर येत नाहीत. अख्खे बिऱ्हाडच गेले असेल, तर घर कुलूपबंद एवढीच नोंद. रत्नागिरीत २००१ ते २०११ या काळात लोकसंख्या सुमारे पाच टक्क्यांनी घटली आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. हा आकडा परदेशगमनाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, परंतु त्यात मुंबईच्या चाकरमान्यांचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने ६४ व्या फेरीत (२००७–०८) घरातून बाहेर गेलेल्या माणसांविषयी, परदेशी गेलेल्यांसह, प्रश्न विचारले. जिल्हापातळीसाठी मात्र असा नमुना अपुरा पडतो.

गेलेल्यांची गणना गंतव्य देशांच्या आकड्यांवरून करण्याची रीत संयुक्त राष्ट्रांची. १९९८ च्या शिफारशींनुसार किमान बारा महिन्यांसाठी राहता देश बदलणारा तो दीर्घकालीन स्थलांतरित. देशांनी दिलेल्या जनगणना व नोंदणीच्या आकड्यांवरून जगातील स्थलांतरितांचा साठा, म्हणजे त्या वेळी परदेशी राहत असलेल्यांची एकूण संख्या, काढला जातो. २०२४ मध्ये तो सुमारे ३०.४ कोटी होता. सामान्यतः जन्मदेश पाहतात, पण आखाती देशांसाठी नागरिकत्व धरले जाते. त्यामुळे शारजात जन्मलेले चिपळूणच्या कुटुंबातील मूलही भारतातून आलेला स्थलांतरित ठरते. या तक्त्यांत मूळ देश कळतो, जिल्हा नाही.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२०–२१ मध्ये परदेशातून आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा ३५.२ टक्के होता. त्यावरून कोकणातील गेलेल्यांची संख्या काढणे धोक्याचे आहे. ही रक्कम जिल्हावार दिलेली नसते आणि तिचा मोठा भाग मुंबईतील खात्यांत येतो.

बोटीवरचे खलाशी ही वेगळी बाब आहे. त्यांची नोंद नौवहन महासंचालनालयाकडे सीडीसी या खलाशाच्या सेवानोंद पुस्तिकेच्या आधारे असते. वर्षातील बराच काळ ते परदेशी जहाजांवर असले, तरी राहता देश बदलत नसल्याने ते दीर्घकालीन स्थलांतरिताच्या वरील व्याख्येत बसत नाहीत.

घरोघरी जाऊन गेलेल्यांविषयी विचारण्याची पद्धत केरळमध्ये १९९८ पासून तिरुवनंतपुरमच्या विकास अभ्यास केंद्राने रुजवली. गोव्यात २००८ मध्ये अशीच पाहणी झाली. जिल्हानिहाय माहितीसाठी उपलब्ध पद्धतींत हीच सर्वांत उपयुक्त आहे. तिच्यातही अख्खे कुटुंब गेलेली घरे सुटतात. तेथे शेजाऱ्याकडून किंवा गावच्या जमातीच्या (मुसलमान समाजाच्या स्थानिक मंडळाच्या) वर्गणीच्या वहीवरून माहिती भरून काढावी लागेल.