कुबो, ताकेफुसा

कुबो, ताकेफुसा : (४ जून २००१ – ). जपानी व्यावसायिक फुटबॉलपटू. जन्म कानागावा प्रांतातील कावासाकी येथे. डावखुऱ्या पायाचा, आक्रमक मधली फळी आणि उजवी बगल या त्याच्या नेहमीच्या जागा. प्रस्तुत नोंद मुख्यतः २०१९ पर्यंतच्या कारकिर्दीविषयी आहे.

वयाच्या आठव्या वर्षी, बार्सिलोना क्लबने जपानात भरवलेल्या शिबिरात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी क्लबच्या शालेय संघातून बेल्जियममधील स्पर्धेत खेळला. काही काळ कावासाकी फ्रोंताले क्लबच्या बाल संघात काढल्यावर २०११ मध्ये बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’ या प्रबोधिनीत त्याला प्रवेश मिळाला. २०१२-१३ च्या हंगामात त्याने ३० सामन्यांत ७४ गोल केल्याचे सर्वत्र नमूद असते. मात्र स्पेनमध्ये या वयोगटाचे सामने सात-सात जणांचे आणि लहान मैदानावर होतात. अकरा जणांच्या खेळाशी हा आकडा ताडून पाहणे योग्य नाही.

कुबोच्या वाटचालीला वळण मिळाले ते फिफाच्या खेळाडू-बदली नियमावलीतील कलम १९ मुळे. अठरा वर्षांखालील खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली या कलमाने निषिद्ध आहे. त्याला त्या काळी प्रामुख्याने तीन अपवाद होते : आईवडिलांनी फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी देश बदलणे, युरोपीय संघ वा युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आत सोळा ते अठरा वयात बदली, आणि खेळाडूचे घर व क्लब दोन्ही सीमेपासून पन्नास किलोमीटरच्या आत असणे. टोकियोच्या परिसरातून आलेल्या मुलाला शेवटच्या दोहोंचा उपयोग नव्हता, आणि मुलाच्या फुटबॉलसाठी कुटुंब हलले तर पहिलाही लागू होत नाही. या कलमाच्या भंगाबद्दल एप्रिल २०१४ मध्ये फिफाने बार्सिलोनाला साडेचार लाख स्विस फ्रँक दंड केला आणि लागोपाठ दोन बदली-कालावधींत नव्या खेळाडूंच्या नोंदणीस मनाई केली. अपील ३० डिसेंबर २०१४ रोजी क्रीडा लवादाने फेटाळले. कुबोला सराव करता येई, अधिकृत सामना खेळता येत नसे. मार्च २०१५ मध्ये तो मायदेशी परतला आणि एफसी टोकियोच्या किशोर संघात दाखल झाला.

या परतीकडे बरेचदा खंड म्हणून पाहिले जाते. तो लाभच ठरला असेही मत आहे, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. त्याच कारवाईत सापडलेले दक्षिण कोरियाचे ली सुंग-वू आणि पाइक सुंग-हो बार्सिलोनातच थांबले, सामन्यांविना वर्षे काढली आणि २०१७ मध्ये क्लब सोडून गेले. कुबोला मात्र पंधराव्या वर्षीच प्रौढांचे सामने मिळाले.

५ नोव्हेंबर २०१६ रोजी टोकियोतील कोमाझावा मैदानावर, नागानो पार्सेइरोविरुद्धच्या सामन्याच्या उत्तरार्धात तो एफसी टोकियोच्या २३ वर्षांखालील संघाकडून उतरला. वय १५ वर्षे, ५ महिने, १ दिवस. १५ एप्रिल २०१७ रोजी सेरेझो ओसाकाच्या २३ वर्षांखालील संघाविरुद्ध त्याने पहिला गोल केला. हे दोन्ही जे-लीगचे (जपानची व्यावसायिक फुटबॉल लीग) सर्वांत लहान वयाचे विक्रम म्हणून नोंदले गेले, पण सामने तिसऱ्या श्रेणीचे (जे-३) होते. बड्या क्लबांच्या २३ वर्षांखालील संघांना या श्रेणीत २०१६ पासून प्रवेश मिळाला. या संघांना बढतीचा हक्क नव्हता. आधीचा मानकरी ताकायुकी मोरिमोतो २००४ मध्ये १५ वर्षे १० महिन्यांचा असताना थेट पहिल्या श्रेणीत उतरला होता. कुबोचे त्या श्रेणीतील पदार्पण नोव्हेंबर २०१७ चे, म्हणजे सोळाव्या वर्षीचे. ‘सर्वांत लहान’ हे बिरुद वापरताना श्रेणी सांगणे त्यामुळे आवश्यक ठरते.

मे २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील २० वर्षांखालील विश्वचषकात तो पंधराव्या वर्षी खेळला. त्याच वर्षी भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात गुवाहाटीत होंडुरासवर ६-१ असा विजय मिळाला, त्यात एक गोल कुबोचा. न्यू कॅलेडोनियाविरुद्धचा सामना कोलकात्याला झाला. तेथेच पुढे इंग्लंडने जपानला गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टीवर ५-३ असे हरवले. नवी मुंबईतील प्रेक्षकांना हा संघ पाहायला मिळाला नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये तो उसनवारीवर योकोहामा एफ. मारिनोसकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात व्हिसेल कोबेविरुद्ध गोल केला. २०१९ मध्ये टोकियोत परतून त्याने पहिल्या श्रेणीत १३ सामन्यांत ४ गोल केले. ९ जून २०१९ रोजी एल साल्वादोरविरुद्ध तो राष्ट्रीय संघातून प्रथम खेळला. तेव्हा अठरा वर्षे पूर्ण होऊन पाचच दिवस झाले होते. याहून लहान वयात जपानकडून केवळ दाइसुके इचिकावा खेळला होता.

१४ जून रोजी रेआल माद्रिदने त्याला करारबद्ध केल्याचे जाहीर झाले. कलम १९ ची अट आता उरली नव्हती. (याच कलमाखाली २०१६ मध्ये माद्रिदवरही कारवाई झाली होती.) स्पॅनिश लीगमध्ये प्रत्येक संघाला युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू नोंदवता येतात, आणि माद्रिदच्या त्या जागांवर ब्राझीलचे खेळाडू होते. परिणामी मायोर्का, व्हिलारेआल, हेताफे आणि पुन्हा मायोर्का असा त्याचा उसनवारीचा प्रवास झाला. माद्रिदच्या मुख्य संघातून एकही अधिकृत सामना न खेळता जुलै २०२२ मध्ये तो रेआल सोसिएदादमध्ये कायमस्वरूपी दाखल झाला.