देशी आणि अमेरिकन कपाशीची सोयरीक का जुळत नाही

भादव्यात नागपूरहून वर्धा रोडला लागलं की फुलावर आलेली पऱ्हाटी दिसते. जवळपास सगळी अमेरिकन. एखाद्याच वावरात देशी सापडते. दोन्हींचं एकेक फूल तोडून बघा. अमेरिकनचं पहिल्या दिवशी दुधाळ, दुसऱ्या दिवशी गुलाबी. देशीचं बहुधा पिवळं, आत तळाशी गडद तांबडा डाग. बोंडाभोवतीच्या हिरव्या पात्या अमेरिकनमध्ये लांब दातऱ्यांच्या, देशीत जवळपास सलग. देशीचं बोंड मान खाली घालून लोंबतं. धुरा एकच, मधमाश्या त्याच. तरी दोघींचा वंश एकमेकींत मिसळत नाही. प्रजाती म्हणजे काय, हे मला या धुऱ्यावर कळलं.

१७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने देशी कपाशीला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा प्रजाती जशा निर्माण झाल्या तशाच राहतात असं बहुतेक विद्वान मानत. १८५९ मध्ये डार्विनने मांडलं की एका प्रजातीतून दुसरी फुटते, आणि ते अगदी संथपणे. पण अनुवंशाचे नियम तेव्हा त्याच्या हाती नव्हते. त्यामुळे फुटलेल्या फांद्या पुन्हा एक का होत नाहीत, याचा उलगडा अर्धाच राहिला. तो पुढे डोबझान्स्की (१९३७) आणि मायर (१९४२) या जीवशास्त्रज्ञांनी केला: समुद्र किंवा डोंगर मध्ये आला की एकाच प्रजातीचे दोन गट आपापल्या वाटेने बदलत जातात, आणि शेवटी समोरासमोर आले तरी त्यांच्यात वंश चालत नाही.

कपाशीने आधी हीच वाट धरली. साधारण ५० लाख ते १ कोटी वर्षांपूर्वी तिच्या दोन शाखा वेगळ्या झाल्या. एक आफ्रिकेकडची, जिच्या गोतातली आपली देशी, दुसरी अमेरिकेतली. दोघींच्या पेशीत २६ गुणसूत्रं, म्हणजे १३ जोड्या. पुढे १० ते २० लाख वर्षांपूर्वी पहिल्या शाखेचं बी, बहुधा समुद्रावर तरंगत, अमेरिकेला लागलं आणि तिथल्या रानकपाशीशी त्याचा संकर झाला. असा संकर वांझ निघायला हवा, कारण एकीची १३ गुणसूत्रं दुसरीच्या १३ शी नीट जोडी लावत नाहीत. पण कुठल्या तरी झाडात पेशी विभागताना चूक झाली आणि सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली. २६ ची ५२. आता प्रत्येकाला जोडीदार मिळाला. हे झाड स्वतःशी फळायला लागलं, आईबापांशी मात्र नाही. एकदोन पिढ्यांत नवी प्रजाती उभी राहिली! आपल्या वावरातली अमेरिकन हिच्याच वंशातली. डार्विनच्या संथ हिशेबात हे बसणारं नव्हतं.

ही वाट शक्य आहे, असं डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विंगे यांनी १९१७ मध्येच सुचवलं होतं. १९३४ च्या सुमारास स्कोव्हस्टेड यांना अमेरिकन कपाशीत १३ मोठ्या आणि १३ लहान गुणसूत्रांच्या जोड्या दिसल्या. दोन घराण्यांची खूण सूक्ष्मदर्शकाखाली उघडी पडली. १९४० मध्ये बीझली यांनी देशीचा अमेरिकेतल्या एका रानकपाशीशी संकर केला आणि कोल्चिसिन वापरून त्याची गुणसूत्रं दुप्पट केली. (हेच द्रव्य आपल्या रानातल्या कळलावीतही असतं.) तयार झालेलं झाड अमेरिकन कपाशीशी फळलं. निसर्गाने एकदा केलेलं काम माणसाने पुन्हा करून दाखवलं.

यात मला सर्वांत थोर वाटते ती रुईची गोष्ट. अमेरिकेतल्या रानपूर्वजाला कातण्याजोगा धागाच नव्हता. तरी लेकीचा धागा दोन्ही घराण्यांपेक्षा लांब निघाला, आणि आज जगातला बहुतेक कापूस तिचाच. तिच्या शाखाही पुढे फुटल्या. हवाई बेटांवर एक आहे. गॅलापागोसवर दुसरी, तिला डार्विनचंच नाव आहे.

नागपुरात १९७६ साली केंद्रीय कापूस संशोधन संस्था उभी राहिली. तिथे काय किंवा इतरत्र काय, कपाशीच्या पैदासकारांना ही जुनी भिंत भेटतेच. देशी पाण्याचा ताण सोसते, रसशोषक किडींना तिच्यावर फारसं फावत नाही. हे गुण अमेरिकनमध्ये आणायचे तर आधी दोघींचा संकर करायचा. त्यात २६ नाही, ५२ नाही, ३९ गुणसूत्रं येतात. देशीची १३ अमेरिकनमधल्या आपल्या भाऊबंदांशी जोडी लावतात, उरलेली १३ एकटी पडतात. झाड वाढतं, फुलतं, पण बोंड धरत नाही. मग कोल्चिसिनने ३९ ची ७८ करायची आणि ते झाड पुन्हा पुन्हा अमेरिकनशी लावत ५२ वर आणायचं. बरीच झाडं वाटेतच वांझ निघतात. एखाद्या बोंडात चार सरक्या भरल्या, तर त्याच पुडीत बांधून पुढच्या हंगामासाठी जपून ठेवतात.