लाल फूल पक्ष्याचं, हे ठरवलं कुणी?

फुलाचा रंग, वास, नळीची लांबी हे सगळं कीटक-पक्ष्यांमुळं घडत गेलं हे आता शाळेतली पोरंपण सांगतात, त्यामुळं पराग म्हणजे काय वगैरे सोडून देतो. जुना इतिहास थोडक्यात: 1793 ला जर्मनीत एकानं लिहिलं की पाकळ्यांवरचे ठिपके-रेषा किड्यांना मध कुठाय ते दाखवतात, कुणी फार मनावर घेतलं नाही. 1862 मध्ये इंग्लंडच्या उत्क्रांतीवाल्या डार्विन साहेबानं मादागास्करच्या ऑर्किडची जवळपास 30 सेंटिमीटरची मधाची नळी बघून तेवढ्या सोंडेचा पतंग असणारच असं सांगून टाकलं, आणि तो पतंग 1903 ला नोंदला गेला, तोवर साहेब जाऊन वीसेक वर्षं झालेली.

खरी मारामारी पुढची, आणि ती एका शब्दावरनं. पॉलिनेशन सिंड्रोम. पॉलिनेशन म्हणजे परागीभवन; सिंड्रोम म्हटलं की आपल्याला आजारच आठवतोय, पण इथं अर्थ एवढाच की लाल, बिनवासाचं, मधानं भरलेलं फूल पक्ष्याचं, पांढरं रात्री दरवळणारं पतंगाचं, कुजका वास मारणारं माशीचं. असे तक्ते 1960 च्या दशकात पुस्तकांत पक्के झाले. 1970 ला त्यात भर पडली की फूल घडतं ते त्या जागी जो कीटक-पक्षी जास्त वेळा येतो आणि पराग पोचवायचं काम नीट करतो त्याच्या मापानं. म्हणजे समजा पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचा तेरडा आणि आंबा घाटाकडचा तेरडा, जात एकच, पण गिऱ्हाईक वेगळं असेल तर पिढ्यान्‌पिढ्या फूलही वेगळं होत जाणार.

1996 मध्ये काहीजण म्हणाले, कसला तक्ता घेऊन बसलाय, बहुतेक फुलांवर दहा प्रकारचे पाहुणे येतात. 2009 ला सहा ठिकाणी तक्ता ताडून बघितला तर जेमतेम एक तृतीयांश झाडांना बरोबर लागू पडला. झालं, तक्ता मोडीत! पण मला विचाराल तर ही नुसती डोकी मोजण्याची चूक होती. आमच्या परसातल्या जास्वंदीवर रोज सकाळी शिंजीर येतोय. लाल फूल, पक्षी हजर, तक्ता खूश. पण नीट बघितलं तर तो समोरनं येतच नाही, देठाकडं लोंबकळून चोचीनं बुडाला भोक पाडतोय आणि मध ओढून पसार, त्या लांब दांड्यावरच्या परागाला शिवत पण नाही. वहीत नोंद होणार ‘पक्षी आला’. पाहुणा आणि कामाचा माणूस यातला हा फरक 2014 ला 417 जातींच्या आढाव्यात धरला, तेव्हा तक्ता बऱ्यापैकी जुळला. तरी अजून दोन्ही बाजूचे लोक एकमेकांना चिमटे काढतातच.

मधल्या काळात प्रयोगवाले पुढं निघून गेले. 2003 ला अमेरिकेत मंकीफ्लॉवर नावाच्या रानफुलाच्या दोन भावंड जातींत फक्त रंगाचा जनुकीय तुकडा अदलाबदल केला, तर मधमाश्यांच्या गुलाबी फुलाचं पिवळट केशरी झालं आणि त्यावर हमिंगबर्डच्या फेऱ्या 68 पट वाढल्या. 2017 ला मोहरीच्या नात्यातल्या रोपांवर काहींना नुसती बंबलबी (जाड केसाळ मधमाशी), काहींना नुसती होव्हरफ्लाय (फुलांवर घिरट्या घालणारी माशी) दिली, नऊच पिढ्यांत बंबलबीवाली रोपं उंच आणि जास्त सुवासिक झाली, दुसरी बुटकी राहून स्वतःचा पराग स्वतःच वापरायला लागली. (बंबलबी आपल्या महाराष्ट्रात नाही बरं का, आपला काळा भुंगा तो लाकूड पोखरणारा, वेगळा.)

आणि सगळ्यात अलीकडचं पॅरिसच्या आसपासचं. शेतात उगवणाऱ्या रानटी पॅन्सीचं, म्हणजे एका छोट्या फुलझाडाचं, वीस-तीस वर्षांपूर्वी जपून ठेवलेलं बी आणि आत्ताचं बी शेजारी शेजारी लावलं. आत्ताची फुलं 10 टक्के लहान निघाली, मध 20 टक्के कमी, आणि बी धरायला किड्याची वाट बघणं पण कमी झालेलं. दोन्ही फुलं बंबलबींपुढं ठेवली तर त्या जुन्यांकडंच जास्त गेल्या.