वाढत्या मुलाची झडप

शाळेच्या आरोग्य तपासणीत छातीत कुरकुर ऐकू येते, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) कागदावर ‘बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह’ उमटतं, आणि वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरात लगेच विचारणा सुरू होते: झडप कधी बदलायची? बहुतेकदा उत्तर ‘इतक्यात नाही’ असंच असतं. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या शंभरात एखाद-दोघांना असतात. त्यातल्या अनेकांचं बालपण नुसत्या इकोवर निभावतं.

झडप फार अरुंद असेल तर आधी फुगा. जांघेतल्या रक्तवाहिनीतून तो झडपेत नेऊन काही सेकंद फुगवतात. फुप्फुसाकडच्या झडपेसाठी फुगा झडपेच्या कड्याच्या (घेराच्या) साधारण १.२ पट घेतात, महाधमनीसाठी मात्र कड्याहून मोठा नाही. फुप्फुसाकडची झडप थोडी गळली तरी उजवा कप्पा वर्षानुवर्षं सोसतो. महाधमनीची मोठी गळती डाव्याला लवकर जड जाते. पाकळ्या जाड, गाठाळ असतील तर फुगा फारसा चालत नाही.

मग छाती उघडायची. शक्य तोवर दुरुस्ती: पाकळ्यांचे चिकटलेले सांधे सोडवायचे, जाड कडा तासायच्या, कमी पडेल तिथे हृदयाच्या आवरणाचं ठिगळ. धातूची झडप मुलाबरोबर वाढत नाही, प्राण्याच्या ऊतींच्या झडपेवर लहान वयात कॅल्शियम भराभर साचतं. शल्यविशारद डोनाल्ड रॉस यांनी १९६७ मध्ये वेगळी वाट काढली. मुलाचीच फुप्फुसाकडची झडप महाधमनीच्या जागी लावायची, हृदयाच्या धमन्या तिला जोडायच्या, रिकाम्या जागी दात्याची झडप. महाधमनीच्या जागी लावलेली ही स्वतःची झडप मुलासोबत वाढते. पण एका झडपेचं दुखणं दोन झडपांचं होतं, आणि दात्याची पुढे बदलावी लागते. म्हणून हे काम सराईत हातांचंच.

धातूची झडप बसली (तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची भारतीय बनावटीची चित्रा झडप १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेली), की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. महाधमनीच्या झडपेला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) साधारण २ ते ३ ठेवतात. पालेभाजीतलं जीवनसत्त्व ‘के’ गोळीचा जोर मोडतं. एरवी पालेभाजीला हात लावायचा नाही आणि उत्तरायणात मेथीची मुठियां घातलेला उंधियु वाटीवर वाटी, याने आयएनआर घसरतो आणि झडपेवर गुठळी धरायचा धोका वाढतो. उंधियु खावा, पण मेथी-पालकाचं प्रमाण वर्षभर सारखं असावं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, रक्तस्राव होतो. झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दात काढण्याआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिन गटातल्या प्रतिजैविकाचा एक डोस, वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम, कमाल २ ग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दंतवैद्यांना ते आधीच सांगावं.