मेडिकल कोडिंग वेगळं, हेल्थकेअर अ‍ॅनालिटिक्स वेगळं

नव्या बॅचच्या पहिल्या तासाला कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, मेडिकल कोडिंग म्हणजे पायथनच ना?" नाही. इथे कोड म्हणजे आजाराला ठरवून दिलेला क्रमांक. प्रोग्रॅमिंगशी त्याचा काही संबंध नाही.

कोडर एका पेशंटची केस वाचतो आणि तिला कोड लावतो. अमेरिकन हॉस्पिटलांचं हे काम भारतात भरपूर चालतं. तिथे विम्याचं बिल या कोडांवर जातं. डॉक्टरांनी नुसतं 'टाइप २ डायबिटीस' लिहिलं असेल तर ई११.९. डायबिटीसमुळे किडनीचा जुनाट आजार असेल तर ई११.२२, शिवाय किडनीची स्टेज सांगणारा एन१८ मधला कोड. म्हणून फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी केलेल्यांना हे काम लवकर जमतं.

अ‍ॅनालिस्टसमोर एक पेशंट नसतो, लाखो ओळींचं टेबल असतं. डिस्चार्जनंतर ३० दिवसांत पुन्हा कोण भरती होतं, असले प्रश्न त्याला सोडवायचे असतात. त्याला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि संख्याशास्त्र लागतं.

पण तेवढ्याने भागत नाही. सरावाच्या अमेरिकन डेटावर मी वर्गाला २०१४ ते २०१६ मधल्या डायबिटीसच्या पेशंटांचा महिनावार आलेख काढायला सांगते. जी मुलं फक्त ई११ शोधतात, त्यांची रेघ सप्टेंबर २०१५ पर्यंत शून्यावर असते आणि ऑक्टोबरमध्ये एकदम वर उसळते. आजाराची साथ आलेली नसते. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेने आजारांच्या कोडांची जुनी यादी, आयसीडी-९, सोडून नवी आयसीडी-१० घेतली, एवढंच. त्याआधी तोच डायबिटीस २५०.०० होता. कोडरला हे पाठ असतं, एसक्यूएल शिकून आलेल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. ओपीडीत डॉक्टरांनी 'हार्ट अटॅकची शंका' लिहिलं, तर अमेरिकन नियमाने शंकेला कोड लावत नाहीत. छातीत दुखण्याचा आर०७.९ लागतो. हॉस्पिटलात भरती असलेल्या पेशंटच्या डिस्चार्जला तीच शंका कायम असेल, तर बहुतेक आजारांत तो आजार आहे असं धरून कोड लावतात. हा फरक न जाणता दोन्हीकडचे आकडे एकत्र केले, तर गणित बरोबर येतं आणि उत्तर चुकतं.

कोडिंग ही खालची पायरी आहे असं मला अजिबात वाटत नाही. अ‍ॅनालिटिक्सकडे येणाऱ्या कोडरला मी एसक्यूएलपासून सुरुवात करून देते. इंजिनिअरिंगहून आलेल्यांना मात्र पहिले दोन आठवडे नुसत्या केस वाचायला लावते.