उत्प्रेरकी क्रियाशीलतेचे वर्धन

रासायनिक विक्रियेचा वेग वाढवणारा, पण विक्रियेअखेर स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक; सजीवांच्या पेशींत हेच काम एंझाइमे म्हणजेच विकरे करतात आणि ती बहुतांशी प्रथिने असतात. उत्प्रेरकाची ही क्षमता मूळच्यापेक्षा अधिक व्हावी म्हणून त्याच्या रचनेत, पृष्ठभागात, आधारद्रव्यात किंवा भोवतालच्या परिस्थितीत जे फेरफार केले जातात, त्यांना उत्प्रेरकी क्रियाशीलतेचे वर्धन म्हणतात. उत्प्रेरण ही संज्ञा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झीलियस यांनी १८३५ मध्ये रूढ केली. यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते, त्यासाठी जिवंत पेशी लागत नाही, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ट बुख्नर यांनी १८९७ मध्ये दाखवले आणि एंझाइमांचा अभ्यास रसायनशास्त्राच्या कक्षेत आला.

नागपुरातील कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत या विषयाचे मर्म पाच मिनिटांत दाखवता येते. कच्च्या बटाट्याच्या चकतीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकले की पांढरा फेस उसळतो. त्याच बटाट्याची उकडलेली चकती मात्र ढिम्म राहते, कारण उकळण्याने कॅटलेज या एंझाइमाची घडी उलगडलेली असते. मँगनीज डाय-ऑक्साइडच्या चिमूटभर काळ्या पुडीनेही असाच फेस येतो, आणि ती पूड आधी उकळत्या पाण्यात ठेवून घेतली तरी तिचे काम थांबत नाही. एंझाइम अतिशय वेगवान पण नाजूक, धातूचे ऑक्साइड दणकट पण त्यामानाने मंद. एकाचे गुण दुसऱ्यात आणण्याची खटपट म्हणजेच या क्षेत्रातील बरेचसे संशोधन होय.

‘क्रियाशीलता वाढली’ हे विधान मात्र माप सांगितल्याशिवाय निरर्थक असते. एका क्रियास्थानावर, म्हणजे प्रत्यक्ष विक्रिया घडते त्या जागेवर, दर सेकंदाला किती रेणूंचे रूपांतर होते ही उलाढाल संख्या एक माप आहे. दर ग्रॅम उत्प्रेरकामागे मिळणारा वेग हे दुसरे. कार्यद्रव्य, म्हणजे ज्यावर एंझाइम क्रिया करते तो पदार्थ, विरळ असताना एंझाइम ते किती सहज पकडते हे मिखाएलिस आणि मेंटेन यांच्या १९१३ मधील समीकरणातील स्थिरांकावरून कळते. पहिले माप जागच्या जागी राहून दुसरे दसपट होऊ शकते. त्यासाठी धातूचे कण बारीक करून अधिक अणू पृष्ठभागावर आणणे पुरेसे असते. उलट क्रियास्थान स्वतः सुधारायचे, तर विक्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ती घडण्यास लागणारी किमान ऊर्जा, आणखी उतरवावी लागते. २५ अंश सेल्सिअसला ही ऊर्जा मोलमागे सुमारे ५.७ किलोज्यूलने घटली की वेग दसपट होतो. हा फरक एका कमकुवत हायड्रोजन बंधाहूनही मोठा नाही, त्यामुळे एंझाइमातील एखादे ॲमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, बदलल्याने वेगात प्रचंड फरक पडतो यात नवल नाही.

घन उत्प्रेरकांच्या सुधारणेचा अभिजात दाखला अमोनियाच्या निर्मितीचा आहे. जर्मनीत आल्विन मिटाश यांच्या चमूने १९०९ पासून हजारो नमुने तपासले. त्यांत शुद्ध लोखंड निष्प्रभ ठरले, पण स्वीडनमधील एका खाणीच्या मॅग्नेटाइटने अनपेक्षितपणे चांगले काम केले. किमया लोखंडाची नसून त्यातील अशुद्धींची होती. पुढे अ‍ॅल्युमिना आणि पोटॅश या पोटॅशियमच्या संयुगाची मात्रा हेतुपुरस्सर घातली जाऊ लागली. अ‍ॅल्युमिना लोखंडाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ देत नाही, तर पोटॅशियम लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवून नायट्रोजनचा बंध सैल करते. असे पदार्थ स्वतः उत्प्रेरक नसतात, म्हणून त्यांना प्रवर्धक म्हणतात.

प्रवर्धकाच्या नेमके उलट काम विष, म्हणजे उत्प्रेरकाची क्रिया मंदावणारा पदार्थ, करते. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञान हा जुना विषय आहे आणि या विषयाच्या विद्यार्थ्याला तेलाच्या हायड्रोजनीकरणातील, म्हणजे हायड्रोजन जोडून तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेतील, निकेल चांगलेच परिचयाचे असते. सच्छिद्र आधारावर पसरलेले हे निकेल गंधकाच्या अल्पशा अंशानेही मंदावते. तेलातील फॉस्फोलिपिडे आणि साबणाचे अवशेषही त्याचा पृष्ठभाग झाकून टाकतात. सरकीचे किंवा सोयाबीनचे तेल आधी नीट शुद्ध केले नाही, तर उत्तम निकेलही फुकट जाते. नव्या उत्प्रेरकाच्या शोधात वर्षे घालवण्याआधी कच्चा माल तपासावा, हे कारखान्यातला माणूस सहज सांगतो, शोधनिबंधांत मात्र ते क्वचितच आढळते.

एंझाइमांच्या बाबतीत दोन वाटा रूढ आहेत. पहिल्या वाटेने त्रिमितीय रचना पाहून नेमके कोणते ॲमिनो आम्ल बदलायचे ते ठरवतात. दुसरी वाट निर्देशित उत्क्रांतीची : जनुकात यादृच्छिक बदल घडवायचे, तयार झालेल्या हजारो प्रकारांतून सरस निवडायचे आणि त्यांच्यावर पुन्हा तीच प्रक्रिया करायची. वऱ्हाडातला शेतकरी कपाशीचे बियाणे निवडून ठेवताना याहून फारसे वेगळे करत नसे. फरक एवढाच, की इथे एक पिढी काही दिवसांत संपते. फ्रान्सेस अरनॉल्ड यांनी १९९३ मध्ये सबटिलिसिन हे प्रथिनभंजक एंझाइम याच पद्धतीने ६० टक्के डायमिथिल फॉर्मामाइड या सेंद्रिय द्रावकात मूळच्या सुमारे अडीचशे पट क्रियाशील करून दाखवले. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा निम्मा वाटा होता. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन या औषधासाठी २०१० मध्ये जाहीर झालेले काम औद्योगिकदृष्ट्या अधिक बोलके आहे. सुरुवातीच्या ट्रान्सअमिनेज या एंझाइमाला हव्या त्या कार्यद्रव्यावर मोजण्याइतकीही क्रिया नव्हती. २७ ठिकाणी बदल झालेल्या अखेरच्या प्रकाराने उच्च दाबाखाली चालणाऱ्या ऱ्होडियम उत्प्रेरकाची जागा घेतली.

नागपुरातील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नागपूरकरांची ‘नीरी’, १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी सुरू झाली आणि १९७४ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. तेथे दोन्ही प्रकारच्या उत्प्रेरकांवर काम झाले आहे. वाहनांच्या धुरासाठी प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या महाग धातूंना पर्याय म्हणून पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या गटातील मिश्र ऑक्साइडे अभ्यासली गेली. ही ऑक्साइडे तयार करताना उच्च तापमानाला भाजावी लागतात. त्यात त्यांचे पृष्ठफळ घटते आणि क्रियाशीलतेचा मोठा भाग तिथेच गमावला जातो. म्हणून ती मधाच्या पोळ्यासारख्या भोके असलेल्या सिरॅमिक ठोकळ्यावर पातळ थराने बसवण्याकडे कल असतो.

दुसरे काम कार्बोनिक ॲनहायड्रेजवरचे आहे. या जस्तयुक्त एंझाइमाचा एक रेणू अनुकूल स्थितीत सेकंदाला सुमारे १० लाख कार्बन डाय-ऑक्साइड रेणूंचे बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करतो. इतक्या वेगाला अडसर कार्बन डाय-ऑक्साइड पकडण्याचा नसून सुटलेला प्रोटॉन बाहेर नेण्याचा असतो. म्हणून जस्ताभोवती कितीही सुधारणा केली तरी प्रोटॉन वाहून नेणारे हिस्टिडीन हे ॲमिनो आम्ल किंवा भोवतीचे, आम्लता स्थिर ठेवणारे बफर द्रावण तोकडे असेल, तर हाती काही लागत नाही. कोराडी किंवा खापरखेड्यासारख्या औष्णिक केंद्रांच्या धुरावर असे एंझाइम वापरायचे झाल्यास प्रश्न वेगाचा उरतच नाही. उष्णतेत आणि सल्फर डाय-ऑक्साइडच्या सहवासात ते किती काळ टिकेल, एवढाच उरतो. नीरीतील संशोधकांनी ते कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसनसारख्या आधारावर बसवून पाहिले. बसवल्यावर एंझाइमाचा वेग बहुधा काहीसा घटतो, कारण कार्यद्रव्याला छिद्रांतून वाट काढावी लागते. परंतु तेच एंझाइम गाळून पुन्हापुन्हा वापरता आल्याने एकूण उत्पादन वाढते.

क्रियाशीलता नेहमी वाढवायचीच असते असेही नाही. नागपुरी संत्र्याचा ताजा रस काचेच्या पेल्यात तसाच ठेवला, तर काही वेळाने वर नितळ पिवळसर पाणी आणि तळाशी साका दिसतो. फळातलेच पेक्टिन मिथाइल एस्टरेज पेक्टिन या फळातल्या चिकट कर्बोदकाचे मिथाइल गट तोडते, मोकळ्या झालेल्या आम्लगटांना रसातले कॅल्शियम बांधते आणि गढूळपणा धरून ठेवणारे कण खाली बसतात. या एंझाइमाचा एक प्रकार रस नासवणाऱ्या बहुतेक सूक्ष्मजीवांपेक्षा उष्णतेला अधिक दाद न देणारा असल्याने रस किती तापवायचा हे सूक्ष्मजीवांवरून नव्हे, तर त्याच्यावरून ठरते. नितळ रस काढणारा उत्पादक मात्र बाहेरून पेक्टिन तोडणारे पेक्टिनेज घालून हाच गढूळपणा मुद्दाम मोडतो.